ऑर्विल पेनिकने मारलेला माणूस

ऑर्विल पेनिकच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीत हमदुल्लाभाई मेलेले होते, आणि आत्ता दुबईतल्या ऊद मेथाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून करक चहा पीत होते.

त्यांना तिथं नातीनं, तहसीननं बसवलं होतं. "दादा, प्लीज, मागे बसा. कोणी विचारलं तर शेजारी आहे म्हणा," तिनं गाडीतच बजावलं होतं. "स्टोरीत दादीचा हजबंड डेड आहे. तुम्ही पुढे बसलात तर माझं लेक्चर खलास."

शेजारी! जिला खांद्यावर घेऊन शारजाचा अख्खा किनारा फिरवला, त्या पोरीनं आजोबांना शेजारी करून टाकलं. हमदुल्लाभाईंच्या ते जिव्हारी लागलं होतं. तरी ते येऊन मागे बसले.

स्टेजवर तहसीन 'अमेरिकन कथाकार ऑर्विल पेनिक: जीवन आणि साहित्य' हा विषय इंग्रजीत उलगडत होती. मागे पडद्यावर त्याचा फोटो. दाढी, पाइप, आणि जगाचं सगळं दुःख मलाच कळलंय असा चेहरा. भाईंनी नाक मुरडलं. ऐंशीच्या दशकात हा प्राणी अल ऐनला शिकवायला आला होता आणि भाईंची बायको हव्वाबी त्याच्याकडे स्वयंपाकाला होती. दोन वर्षं त्यानं तिच्या हातची कालवणं ओरपली, पण मासा कोणता म्हणून एकदा विचारलं नाही. बाजारात जाताना अरबांसारखा पायघोळ कंदुरा घालायचा आणि त्यातच पाय अडकून धडपडायचा. तहसीनच्या मते तो "वाळवंटाशी एकरूप" झाला होता.

त्यानं तीन लग्नं केली आणि तिन्ही मोडली. ही म्हणे कलावंतानं मोजलेली किंमत. तिघींनी मिळून काय मोजलं, ते कुठं आलं नाही. आणि त्याच्या झाडून सगळ्या गोष्टींत शेवटी कोणीतरी मरतं. जिवंत माणसाचं काय करायचं हे ठाऊक नसलं की दुसरं काय करणार?

मग त्या गोष्टीची पाळी आली. 'झाकलेलं ताट'. एक अबोल विधवा स्वयंपाकीण रोज रात्री मेलेल्या नवऱ्यासाठी ताट वाढून झाकून ठेवते. सकाळी ताट रिकामं असतं. एकदा तर मालकाला मागच्या दारात सावली दिसते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला.

ती सावली म्हणजे हमदुल्लाभाई. बेकरीतली पाळी संपली की मागच्या दारानं यायचे, जेवायचे, जायचे. मालक तोवर व्हिस्की ढोसून घोरत पडलेला असायचा. त्याला एकदा मधेच जाग आली, तर भाईंचं भूत झालं.

आणि ते मेले कसे, तर साहेबानं एकदा हव्वाबीला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. रत्नागिरीकडच्या तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, बास, एवढंच. शेजारच्या वॉचमनला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण साहेबाला तिच्या गप्प बसण्यात कबर दिसली, आणि अमेरिकेत त्या कबरीला बक्षीस मिळालं. हव्वाबीनं मात्र आजतागायत भाईंना नावानं हाक मारली नव्हती. "अवो" नाहीतर "फैजचे अब्बा".

हे सगळं भाईंनी तहसीनला सांगून पाहिलं होतं. "दादा, फॅक्ट्स आणि लिटररी ट्रूथ आर डिफरंट," ती म्हणाली होती. एवढी फी भरून पोरगी हे शिकली.

भाषण संपलं. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रामचंद्र सामंत यांनी स्टेजवर बसवलेल्या हव्वाबीला शाल पांघरली, हातात नारळ दिला. ती मघापासून नातीकडे कौतुकानं बघत हसत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, त्यामुळे आपला नवरा मेल्याचं तिला अजून कळलं नव्हतं. अध्यक्षांना माइक सोडवेना. ते मराठीत म्हणाले, "ज्यांचं नावसुद्धा आजींच्या ओठांवर येऊ शकलं नाही, त्या त्यांच्या दिवंगत यजमानांसाठी आपण दोन मिनिटं उभं राहू या."

हॉल उभा राहिला. हमदुल्लाभाईही उठले. मयताचा मान राखायला हवा, मग मयत स्वतः का असेना. गुडघ्यातून कळ आली. समोर तहसीन डोळे मिटून, मान खाली घालून उभी होती. तिनं एकदाही मागे बघितलं नाही. तेव्हा मात्र भाईंची सगळी तुच्छता कुठल्या कुठे गेली आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. आपण खरंच मेलो तर या पोरीची केवढी सोय होईल, असं त्यांच्या मनात आलं.

हव्वाबी एकटीच बसून होती. "माझा नवरा कधी मेला गो?" तिनं नातीला विचारलं. माइक समोरच होता, सगळ्यांनी ऐकलं.

"दादी, प्लीज. लेटर," तहसीन डोळे न उघडता पुटपुटली.

हव्वाबीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग माणसांच्या फटींतून शोधत शोधत तिची नजर शेवटच्या रांगेपर्यंत आली. तिनं नारळ खाली ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"हमदुल्ला," ती म्हणाली.

तहसीननं डोळे उघडले.

"हमदुल्ला, तुम्ही कशाला उभे? बसा. गुडघा दुखतोय तुमचा."

हमदुल्लाभाई बसले. बाकीचा हॉल उभाच होता.