शिडी दारातच उभी होती

साहेब, तुम्ही शिडी चढलाच नाहीत. ती दारातच उभी होती. तुम्ही खालून टॉर्च मारलात, चहा प्यायलात आणि तपासणीच्या कागदावर लिहिलेत, 'छप्पर ठीक. म्हाताऱ्याला भास होतात.'

मित्रांनो, मी एक जुना वासा आहे. साहेबांना उत्तर सुचेपर्यंत माझी गोष्ट ऐका.

या घरातले आजोबा सुतार. तरुणपणी त्यांनीच मला रंधा मारला, खांद्यावरून वर नेले आणि कौलांखाली बसवले. खाली त्यांचीच खाट होती. "पडलास तर माझ्याच टाळक्यात पडशील, ध्यानात ठेव," असे त्यांनी मला बजावले. मग माझ्या पोटाला फळ्यांचे छत ठोकले आणि माझा उजेड गेला. पण रोज सकाळी आजोबा काठीने छतावर दोन टोले देत. मी खणकन वाजत असे. चाळीस वर्षांत माझ्याशी कोणी बोलले ते एवढेच.

पुढे एक कौल सरकले. पाणी माझ्या भिंतीतल्या टोकात मुरत गेले. खाली फळीवर तपकिरी डाग पडला. आजोबांच्या मुलाने त्यावर रंग मारला. पुढच्या वर्षी पुन्हा मारला. सूनबाई खूश. मी आतून भुसा होत होतो.

आजोबांना ते कानांनी कळले. टोला भद्द वाजला. "वासा बोलेना झालाय," ते म्हणाले. मुलगा हसला. आजोबा दिवसातून वीस वेळा ठोकू लागले, तेव्हा मुलाने वैतागून छप्पर तपासायला तुम्हाला बोलावले, साहेब. तुमचा कागद वाचून मुलाने काठी काढून घेतली. महिन्याभरात आजोबा वृद्धाश्रमात गेले. माझ्याशी बोलणारे कोणी उरले नाही.

एका दुपारी फळ्या कोसळल्या. नेमक्या त्या रिकाम्या खाटेवर.

छपरे दुरुस्त करणारी बाई आली. ती मात्र वर चढली. तिने माझ्या टोकात पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"कोणाच्याच लक्षात आलं नाही?" तिने विचारले.

"बाबा सांगत होते," मुलगा खाली बघत म्हणाला.

तिने माझे सडके टोक कापले, शेजारी नवे लाकूड बोल्टांनी जखडले, कौल बदलले. एक फळी मुद्दाम सुटी ठेवली. वर्षातून एकदा उघडून वर बघा म्हणाली. मित्रांनो, तुम्हीही डागावर रंग मारू नका. पाणी कुठून येते ते शोधा.

मुलगा आजोबांना आणायला गेला आणि एकटाच परतला. त्यांचा निरोप त्याने सूनबाईला सांगितला, "कागदावर मी वेडा आहे. आधी ते खोडून आणा, मग येतो."

मी आता पुन्हा खणखणीत वाजेन. ठोकायला कोणी नाही. साहेब, 'भास' हा शब्द तुमच्या हातचा आहे, तो तुम्हालाच खोडावा लागेल. शिडी अजून दारातच आहे. कधी येता, बोला.