खंडेनवमीचा सर्व्हर

खंडेनवमीला कंपनीचे मालक रामचंद्रअण्णा यांनी ऑफिसातल्या नव्या सर्व्हरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दारात उभ्या रश्मीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पूजेला तिची हरकत नव्हती. पण ज्या यंत्रापुढे ही मंडळी हात जोडत होती, त्याचं ऐकायला एकही जण तयार नव्हता, याचा तिला वीट आला होता.

हुबळीजवळच्या नवनगरातली ही कंपनी रक्तपेढ्यांसाठी प्रोग्रॅम बनवायची. पिशवीवर रक्तगटाचं लेबल त्यातूनच छापलं जायचं. पावसाळाभर खपून रश्मीने हा सर्व्हर उभा केला होता. तो म्हणजे तयार प्रोग्रॅमचं कोठारच. चाचणीत पास झालेलं पॅकेज तेवढं आत जाणार, आणि रक्तपेढ्यांतली कॉम्प्युटरं रोज संध्याकाळी तिथूनच ते आपोआप उचलणार. अण्णांच्या पुतण्याला, अमितला, हे सगळं सोवळंओवळं वाटायचं. परवा कोठाराने त्याचं नापास पॅकेज परत पाठवलं, तर पठ्ठ्याने ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि काल रश्मीला न सांगता स्वतः रक्तपेढीत जाऊन बसवून आला.

आरती संपते न संपते तोच रश्मीचा फोन वाजला. हुबळीच्या रक्तपेढीतल्या भागीरथीअक्का होत्या.

"अगं रश्मी, बी गटाच्या पिशवीवर ओ छापलंय! मी परत तपासलं म्हणून कळलं. पिशव्या अडवून ठेवल्यात. तुमच्याकडनं काय झालंय ते आधी सांग."

"थांबा अक्का, लगेच सांगते."

काल हुबळीला कोणी काय बसवलं, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. अमित भिंतीकडे बघू लागला. अण्णांनी तोंडातला पेढा शांतपणे गिळला.

"जाऊ दे, सोड गं. अमितचं पॅकेज तुझ्या कोठारात टाक, चाचणी झाली असं दाखव. नवा सर्व्हर आहे, चुकला म्हणू. माणूस चुकला तर कंत्राट जातं. यंत्रावर कोण रागावतंय?"

"अण्णा, ते आत टाकलं की संध्याकाळी सगळ्या रक्तपेढ्या तेच उचलतील."

"मग संध्याकाळच्या आत काढून टाक की!"

रश्मीने अण्णांच्या हाताकडे पाहिलं. ह्या माणसाच्या हाताला अजून कुंकू होतं आणि मनाला लाज म्हणून नव्हती. तिला त्याची किळस आली, आणि त्याच्या पगारावर इतके दिवस जगलेल्या स्वतःचीही थोडी आली.

"सर्व्हर चुकलेला नाही," ती म्हणाली. "मी अक्कांना खरं काय ते सांगणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

तिने तिथेच अक्कांना फोन लावून सगळं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा अमितचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अण्णा," तो चाचरत म्हणाला, "अळणावर गावच्या रक्तपेढीतही तेच बसवलंय, ते पण सांगू या की आता. काल रात्रीच तुम्हाला म्हणालो होतो ना मी."

अण्णांनी मान खाली घातली. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून हा माणूस सकाळपासून आरत्या म्हणत होता!

रश्मीने अळणावरच्या रक्तपेढीला फोन लावला. कालपासून छापलेली एकही पिशवी वापरू नका, असं तिने एका दमात सांगितलं.

"अय्यो, मॅडम," पलीकडची नर्स म्हणाली, "त्यातली एक मघाशीच बाळंतिणीला लावली की हो."