चाळणीखालच्या शिंपल्या

ओहोटी लागली की बंडलकाका खाडीत उतरायचे, गुडघाभर चिखलातून शिंपल्या उकरायचे आणि चौकातल्या पत्र्याच्या शेडखाली बसून विकायचे. विकणं पोटासाठी होतं, थापा मारणं जिवासाठी. त्यांच्या शिंपल्या खाऊन म्हणे एका टकल्या पोस्टमनला इतके केस आले, की टोपी बसेना म्हणून बिचाऱ्यानं नोकरी सोडली. एका पंचाहत्तरीच्या बाईनं वाटीभर रस्सा पिऊन लाकडी कपाट एकटीनं दुसऱ्या मजल्यावर नेलं; आत नवरा झोपलाय हे तिला वर गेल्यावर कळलं.

लोक हसायचे, पावशेर घ्यायचे आणि वाटेला लागायचे. तीस वर्षं सगळं सुरळीत चाललं, कारण कोणाचा काडीचाही विश्वास नव्हता.

एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई शेडखाली थांबल्या. "काका, कशाला हो खोटं बोलता? खरंच मटणापेक्षा जास्त लोह असतं यात. बी-बारा तर विचारूच नका. प्रथिनं भरपूर, चरबी अगदी नावाला."

"लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं, वर दवाखान्याचा शिक्काही मारला. काकांनी कागद छाती फुगवून खांबावर चिकटवला.

तिथेच घात झाला. शिक्का बघितल्यावर लोकांचा विश्वास बसला. आधी रांग लागली, मग माल पुरेना, मग माणसं स्वतःच बादल्या घेऊन चिखलात उतरली. उकरणाऱ्यांचा एकच नियम असतो: चाळणीतून खाली पडेल ती शिंपली परत चिखलात टाकायची, तिची वीण अजून व्हायची असते. काका काठावरून घसा फुटेस्तोवर ओरडले.

"झाली काकांची बंडलं सुरू!" खालून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

थापांनी तीस वर्षांत जे झालं नव्हतं, ते एका खऱ्या कागदानं तीन महिन्यांत करून दाखवलं. खाडीत नखाएवढ्या शिंपल्या तेवढ्या उरल्या.

आणि नेमकं तेव्हा काकूंनी जिन्यात बसकण मारली. पोटात गाठ होती, दर महिन्याला अंगावरून भरमसाट जात होतं, आणि बाईनं हे वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करावंच लागेल. पण रक्त आठवर आहे. दहा झाल्याशिवाय मी हात लावणार नाही." गोळ्या काकूंच्या पोटात टिकेनात, सुई दिली तर अंगभर गांधी उठल्या. "मग खाण्यातूनच वाढवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिंपल्या मिळतात ना तुमच्याकडे?"

काकांना हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खी ओहोटी उकरलं. बोटांची सालं निघाली. घरी येऊन बादली काकूंसमोर ठेवली, चाळण मात्र मुद्दाम शेडमध्ये ठेवून आले होते.

काकूंनी बादलीत हात घातला, मूठभर वर काढल्या आणि त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, ही तर पिल्लं आहेत."

"लोह पिल्लांतही असतं."

"पुढच्या वर्षी काय विकाल?"

"पुढच्या वर्षी मला तू पाहिजेस."

काकू उठल्या, भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि पीठ चाळायची नव्हे, दाणे पाखडून झाले की वापरायची ती मोठ्या भोकांची चाळण घेऊन आल्या. "धरा."

"अगं, ऐक माझं—"

"धरा म्हणते ना. ही खाडी काय आपल्या एकट्याची आहे? आणि ते बादलीवाले वागले तसं वागून मी बरी झाले, तर तोंड कुठे दाखवू?"

काकांनी चाळण धरली. काकूंनी ओतलं. खळखळाट झाला, आणि वर राहिल्या चार. त्या चार काकूंनी उकडून, सावकाश चावून खाल्ल्या. बाकीच्या काकांनी परत नेऊन चिखलात पेरल्या. काठावर बादल्या घेऊन आलेल्या दोघांनी त्या जागेवर नीट नजर ठेवली, हे दिसत असूनही पेरल्या. दुसरं काय करणार?

असं महिनाभर चाललं. कधी सहा, कधी दोन, कधी नुसतीच ओली चाळण.

महिन्यानं रक्त तपासायला सुई टोचली. आठ पूर्णांक तीन.

"वाढतंय की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे लागू पडतंय. आता रोज वाटीभर तरी खा. तारीख पुढे ढकलते." त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं. अक्षर सुवाच्य होतं.

दोघं बाहेर पडले. घर तसं जवळ, पण आता काकूंना दर दहा पावलांवर भिंतीला टेकावं लागायचं. त्या टेकल्या की काका खाली वाकायचे आणि चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्टा नीटच होता. काकूंचा श्वास जागेवर येईपर्यंत ते तसेच वाकून राहायचे.