पडद्याआडचं गाणं

साल एकोणीसशे ब्याऐंशी. महिला मंडळाची सहल कुठे न्यायची, यावर आमच्या इमारतीत आठवडाभर खल चालला होता. शेवटी मंडळाच्या अध्यक्षा, साऱ्यांच्या मामी, म्हणाल्या, "लांब कशाला? गोदीमागच्या गल्लीत चला. देशोदेशीची माणसं एकाच जागी! माझी शिंपीणही तिथलीच."

निघाल्या सगळ्या नटूनथटून. मामी पुढे, बोट दाखवत. "बघा, एवढ्याशा खोलीत अख्खं खानदान!" खोल्यांत वारा नाही, म्हणून दारं कायम उघडी. बायका खुशाल आत डोकावत होत्या. कुणी वाळत घातलेले कपडे चाचपून बघत होती, कुणी नाक मुरडत होती.

एका दाराच्या पडद्याआडून बायकांचं गाणं आलं. भाषा अनोळखी, पण पाय थबकले. एक आवाज चढत गेला, थरथरला, तुटला. मामींनी टाळ्या वाजवल्या. "वन्स मोर!" मागून सगळ्या ओरडल्या, "वन्स मोर!"

गाणं थांबलं. पडदा सरला. दारात शिंपीण, डोळे सुजलेले.

"मामी, माझी आई गेली. तिकडे, समुद्रापार. जाता येत नाही, म्हणून इथूनच गाऊन निरोप देत होतो."

अरेरे! कुणाला मान वर करवेना. मामी साधं 'माफ कर'ही न म्हणता मागे वळल्या.

घरी मामी आपल्या सासूबाईंपुढे रडल्या. "मला काय ठाऊक हो! गाणंच वाटलं."

"विचारलंस का?"

सासूबाईंनी त्यांना समोर बसवलं.

"मी या शहरात नवी होते गं. आई गेल्याची तार आली, मी हंबरडा फोडला. शेजारणी हसल्या. म्हणे, ही बया रडतेसुद्धा हेल काढून! आज तू त्यांच्यात जाऊन बसलीस."

दुसऱ्या सकाळी मामी एकट्याच गेल्या. पडद्याबाहेर थांबल्या. "आत येऊ का?... माझ्यामुळे गाणं अर्धं राहिलं. पुरं कराल? मी नुसती बसेन."

 मग आतून चटई सरकवल्याचा आवाज आला. गाणं संपेपर्यंत मामी टाळ्या वाजवलेले ते हात मांडीत घट्ट दाबून बसल्या होत्या.

बायांनो, दार उघडं असलं म्हणून कुणाचं घर तमाशा होत नाही. परक्याच्या दारी बघे होऊन जाऊ नये, पाहुणे होऊन जावं. विचारून.

मंडळ पुढे मोडलं. गल्ली पाडली, तेव्हा शिंपीण लेकीकडे दुसऱ्या शहरात गेली. मामींनी नाटकालाही पुन्हा कधी वन्स मोर दिला नाही. सासूबाई गल्ली पडण्याआधीच वारल्या. त्या दिवशी मामींचं दार सताड उघडं होतं, तरी शिंपीण उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "आत येऊ का?"