ट्रॉलीच्या आडोशाला

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मागांवर बिनतारी सेन्सर बसले, तेव्हा ते काम शिकायला मालकांनी सिद्धेश्वरीला पाठवलं. तिच्या सोबतच्या बायका शिलाईच्या शेडमध्ये गेल्या. मागे राहिली फक्त झाडलोट करणारी मायाक्का. सिद्धेश्वरीला काचेची केबिन मिळाली. कुठला माग थांबला, कुठला तापला, सगळं पडद्यावर यायचं. बोलायला मात्र दिवसभर कुणी नसायचं. मागांवरची माणसं खडखडाटापायी कानात बोळे घालून असत.

काही दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत मागांची शेवटची रांग पडद्यावरून नाहीशी होऊ लागली. माग चालू, पण खबर बंद. फोनवर इंजिनिअर म्हणाला, "मध्ये लोखंड येतंय का बघा."

ती बघायला गेली. सेन्सरची खबर पकडणाऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीसमोर सुताची उंच लोखंडी ट्रॉली ओढलेली होती. तिच्यामागे मायाक्का भाकरी खात होती.

"ही ट्रॉली तू आणलीस व्हय?"

"व्हय, मॅडम." पूर्वी ती 'सिद्धे' म्हणायची.

"डबीसमोर लोखंड आलं की मागांची खबर येत न्हाय, अक्का."

"मला काय ठावं." मायाक्कानं भाकरी फडक्यात गुंडाळायला घेतली. "एकटीनं खाताना आडोसा बरा वाटतो. आदी समद्या मिळून बसत हुतो."

"केबिनमध्ये ये की. मीबी एकटीच खाते."

"त्या काचंत? नगं. तितं लईच उघड्यावर."

"मग मी येते हितं."

"आन् पडदा कोण बघंल?"

सिद्धेश्वरीनं वळून केबिनकडे पाहिलं. "जेव निवांत," एवढंच म्हणून ती परतली आणि इंजिनिअरला फोन लावला. "डबी वर, छताजवळ लावा."

"ट्रॉली हलवली की झालं ना."

"ती तिथं लागते," ती म्हणाली.

डबी वर गेली. शेवटच्या रांगेची खबर पुन्हा कधी बंद पडली नाही, आणि तिकडं जायचं कारणही उरलं नाही. जेवणाचा डबा उघडला की काचेतून तिला ट्रॉलीची पाठ तेवढी दिसायची.

एकदा केर काढता काढता मायाक्का केबिनच्या दाराशी थांबली.

"येती का आता खबर?"

"येते की."

"बरं झालं."

बस जरा, असं सिद्धेश्वरीच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्यावर एक माग लाल झाला. ती फोनकडे वळली. बोलून होईपर्यंत मायाक्का झाडत पुढं गेली होती.