अर्लिसची पहिली रजा

"कागद कशाला हवा? माझा शब्द आहे ना," म्हणत व्हर्लिनने तो कागद टेबलावरून परत अर्लिसकडे सरकवला.

चीजच्या त्या छोट्या कारखान्यात आजवर शब्दावरच सगळं चालत आलं होतं. कुणाच्या घरी आजारपण आलं की मालक व्हर्लिन हळूच त्याच्या हातात पाकीट कोंबायचा आणि कुणाला बोलू नकोस म्हणायचा. माणूस मनाचा चांगला, पण लहरी. आवडत्यांना पाकीट, नावडत्यांना नुसती खांद्यावर थाप. त्यात यंदा धंदा बसला, तशी पाकिटंही बंद झाली. आणि नेमकं आत्ताच ट्वायलाचं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं. बाळ, ओडिन, तिकडे मॅडिसनच्या इस्पितळात काचेच्या पेटीत; आणि आई इकडे दोन तासांच्या अंतरावर, डोक्याला जाळी बांधून चीजचे तुकडे पिशव्यांत भरत उभी. पगार बुडाला तर तिचं घर चालणार नव्हतं.

अर्लिस तिथली हिशेबनीस. उभा जन्म त्या एका खिडकीशी गेलेला. व्हर्लिन तिच्या शाळेतला, त्यामुळे मालकबिलक तिच्या लेखी काही नव्हतं. कराचं काम बघणारी बाई परवाच सांगून गेली होती, की आजारपणात, बाळंतपणात माणसांना पगारी रजा दिलीत, तर त्या पगारातला काही भाग सरकार तुमच्या करातून वजा करून देतं. फक्त नियम आधी लिहून ठेवलेला हवा, आणि सगळ्यांना सारखा हवा. अर्लिसने त्याच दिवशी त्या बाईकडून नियम लिहून घेतला. तोच हा कागद.

"सगळ्यांना? म्हणजे त्या आळशी ड्वेनलाही?"

"ड्वेनलाही आई आहे, व्हर्लिन. तीही कधीतरी आजारी पडेल."

कुरकुरत का होईना, त्याने सही केली. अर्लिसने कागद कॉफीच्या यंत्रावर चिकटवला. कप भरताना प्रत्येकाने तो वाचला, पण रजा मागायला कुणी पुढे आलं नाही.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. त्या खोऱ्यातली माणसंच तशी. वादळात घराचं छप्पर उडालं तरी 'बरं चाललंय' म्हणतील आणि शेजाऱ्याच्या छपराची चौकशी करतील. कुणाला काही द्यायला सगळ्यात पुढे, पण घ्यायची वेळ आली की मान खाली.

"मी नाही घेणार," ट्वायला म्हणाली. "लोक म्हणतील, माझ्यासाठीच केला हा कागद. फुकटचं खाणारी नाही मी, अर्लिस."

खरं तर तिच्यासाठीच केला होता. अर्लिसला तिचा रागच आला. याच पोरीला तिने मधल्या सुट्टीत मागच्या दाराशी पाहिलं होतं. तिकडे नर्सने पेटीजवळ फोन धरलेला, आणि ही इकडे डोळे मिटून फोनवर गुणगुणत होती.

रात्रभर तिने विचार केला. तिचा खुब्याचा सांधा पार झिजला होता. बदलायलाच हवा, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. ती पुढे ढकलत आली होती, कारण तिने आजवर एकही रजा घेतली नव्हती. आयुष्यात मिरवायला तेवढंच तर होतं तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बसलेले असताना ती उभी राहिली.

"व्हर्लिन, मला रजा हवी. खुबा बदलायचाय. त्या कागदावरची हवी, पगारी."

चमचे थांबले. चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटून तिचे कान तापले.

"तुला? रजा?" व्हर्लिनच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"का? मी माणूस नाही?"

"घे बाई, घे," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा जेवू लागले. ट्वायलाने मात्र मान वर केली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावर अर्लिस चालायचा वॉकर जवळ ठेवून दिवसभर खिडकीत बसायची. दुधाचे टँकर कारखान्याकडे जाताना दिसले की जीव नुसता तळमळायचा. ट्वायला अजून तिथेच उभी असेल तर हे सगळं कशासाठी केलं, असं वाटून तिला रडू यायचं.

एका सकाळी दारात व्हर्लिन उभा. टोपी काखेत, हातात काचेचं झाकलेलं भांडं.

"बायकोने पाठवलं वाटतं?"

"बूड बघ."

अर्लिसने भांडं जरासं उचलून खालून पाहिलं. गावात सगळ्याच बायका भांड्यांना नावाची पट्टी लावतात, म्हणजे भांडं ज्याचं त्याच्या घरी परत जातं. पट्टीवर ट्वायलाचं नाव होतं.

"पहाटे देऊन गेली," व्हर्लिन म्हणाला. "मॅडिसनला जाता जाता. ओडिन घरी येईपर्यंत तिकडेच राहते म्हणाली. मी म्हटलं, रजा टाकतेस ना? तर म्हणते, अर्लिसने घेतली तीच." मग घसा खाकरून म्हणाला, "ड्वेनसुद्धा कागद वाचत होता आज."

तो गेल्यावर अर्लिसने झाकण काढलं. बटाटे, मटार, वर वितळलेलं चीज. अजून कोमट होतं. त्या गावात भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. तिने सवयीने वॉकरकडे हात नेला. उठावं, कपाटात मैदा किती आहे ते बघावं.

मग तिने हात मागे घेतला, काटा उचलला आणि ती सावकाश जेवू लागली. तिची रजा होती.