शिक्षकांची ओळख

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये चंद्रप्रकाश सामंतने आपल्या पियानो क्लासचं पत्रक छापायचं ठरवलं. बोरीवली पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्याचा क्लास होता. पुढच्या खोलीत ग्रँट रोडच्या पारशी कुटुंबाकडून आणलेला पियानो होता. आतल्या खोलीतला त्याहून जुना. तारा गंजू नयेत म्हणून त्याच्या पोटात चाळीसचा बल्ब बारा महिने जळायचा. चंद्रप्रकाशला स्वतःला पियानो येत नव्हता, पण माणसं जमवता येत होती. पार दहिसरपर्यंत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि नव्या ब्लॉकात आलेल्या आईबापांना पोरांनी काहीतरी इंग्रजी वाजवावं असं वाटत होतं. पत्रकाच्या एका बाजूला वेळापत्रक आणि दुसऱ्या बाजूला 'शिक्षकांची ओळख' टाकायची, कोण कुठे शिकलं आणि कसं शिकवतं ते, असं त्याने ठरवलं.

शिक्षक दोनच होते.

अनुपमा कर्णिक पस्तिशीची. लंडनच्या परीक्षेच्या आठही ग्रेड तिने दिल्या होत्या. वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या मॅडमकडे ती दहा वर्षं शिकली. मॅडम हाताच्या पाठीवर नाणं ठेवायची आणि नाणं पडलं की विणायच्या सुईने पेरांवर मारायची. अनुपमाही मुलांच्या हातावर नाणं ठेवायची. सुईची गरज तिला पडत नसे, तोंड पुरेसं होतं. ही बोटं आहेत की भेंड्या, असं ती अगदी शांतपणे विचारायची. मूल रडलं तर घड्याळाकडे बघायची आणि रडण्यात गेलेली मिनिटं शेवटी भरून घ्यायची. यात तिला राग नसायचा. शिकणं असंच असतं, अशी तिची समजूत होती.

दुसरा गुणाजी राऊळ. मूळ मालवणकडचा, साठीला टेकलेला. तरुणपणी गिरणीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. गिरणी सोडून एका कॉन्व्हेंट शाळेत शिपाई लागला, तेव्हा हॉलमधला पियानो पुसायचं काम त्याच्याकडे आलं. संगीत शिकवणाऱ्या सिस्टरने एकदा त्याला पुसता पुसता वाजवताना पकडलं आणि ओरडायच्या ऐवजी शेजारी बसवलं. पुढे आठ वर्षं, शाळा सुटली की रोज अर्धा तास, ती त्याला शिकवत राहिली. कागद मात्र एकही दिला नाही. तिच्याकडे द्यायला कागद नव्हता आणि त्याला मागायचं सुचलं नाही.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जातो. उजवा गातो आणि डावा नुसता हवा भरतो. गुणाजीचा डावा हात पंचवीस वर्षं तसा वाया गेला होता, आणि सिस्टरने जीव तोडूनही तो पुरता सुधारला नाही. म्हणून त्याने मुलांसाठी आपली एक रीत काढली होती. पहिले सहा महिने मुलाचा उजवा हात रुमालाने स्टुलाला बांधायचा आणि फक्त डावा चालवायचा. गाठ नावापुरती असायची, पोरं शिंक आली तरी हात सोडवून नाक पुसायची. पण उजवा मध्ये लुडबुडत नसे. सहा महिन्यांनी रुमाल सुटला की दोन्ही हात सख्ख्या भावांसारखे चालायचे.

शाबासकी त्याच्या तोंडून निघत नसे. वाईट वाजलं तर वाईट म्हणायचा आणि चांगलं वाजलं तर पुढचं पान काढायला सांगायचा. चंद्रप्रकाश त्याला 'बुवा' म्हणायचा. बुवा, आज गजर लवकर आटपा, मिसची वेळ झालीय, असं पालकांसमोर म्हणायचा आणि आपणच हसायचा.

गुणाजीची बायको सुंदराबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. दहिसरच्या चाळीतल्या खोलीत तो एकटा राहायचा. तिच्या मागे त्याला एकच गोष्ट हवीशी वाटू लागली होती. त्या वर्षी क्लासची मुलं पहिल्यांदा लंडनच्या परीक्षेला बसणार होती, तिकडचा परीक्षक नोव्हेंबरात मुंबईत यायचा होता. फॉर्मवर विद्यार्थ्याच्या नावाखाली शिक्षकाचं नाव असे. गुणाजीची मीरा पाटणकर, बारा वर्षांची, तिसऱ्या ग्रेडला बसणार होती. तिच्या नावाखाली 'गुणाजी राऊळ' असं टाइप होऊन कागद लंडनला जाणार होता. आयुष्यात त्याला मिळणारा तेवढाच कागद.

पत्रकाचा मजकूर लिहायचं काम चंद्रप्रकाशने अनुपमाला दिलं. तिने गुणाजीला समोर बसवून विचारलं आणि त्याने गिरणीपासून सिस्टरपर्यंत सगळं सांगितलं, रुमालही. इतकं नीट कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. ती मान डोलावत लिहून घेत होती. मध्ये तिने विचारलं, मीराचा डावा हात यानेच तयार झाला का. हो म्हणाला.

पत्रकं छापून आली. गुणाजीने छापील अक्षरांत आपलं नाव पाहिलं आणि खालचं काही न वाचता पंचवीस पत्रकं पिशवीत घातली. दहा चाळीत वाटली. उरलेली मुलांच्या घरी स्वतः नेऊन दिली. पहिलं मीराच्या घरी. मीराची आई वनमाला चहा टाकते म्हणाली, तर घाईत आहे सांगून निघाला.

त्याने वाचलं ते बसस्टॉपवर. अनुपमाची ओळख नऊ ओळींची होती. त्याची तीन. 'श्री. गुणाजी राऊळ. माजी शिपाई. भजनी मंडळात हार्मोनियमवादन. विद्यार्थ्याचा एक हात रुमालाने बांधून शिकवण्याची त्यांची स्वतःची पद्धत आहे.'

दुसऱ्या दिवशी त्याने अनुपमाला विचारलं की सिस्टरचं का नाही लिहिलं.

"जागा कमी होती."

"आठ वर्षं शिकलो मी."

"यात खोटं काय आहे ते दाखवा," ती म्हणाली. "शिपाई नव्हता? रुमाल बांधत नाही? मी सुया खाऊन एकेक ग्रेड काढली, राऊळ. तुम्ही फडकं मारता मारता शिकलात आणि क्लासातली एकुलती एक बरी पोरगी तुमच्याकडे. ते काही बरोबर नाही ना."

तिसऱ्या दिवशी वनमाला पाटणकर मीराला घेऊन आली. चंद्रप्रकाशने गुणाजीला आणि अनुपमाला पुढच्या खोलीत बोलावलं. वनमालाने पत्रक टेबलावर आपटलं. तीन वर्षं आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं तिचं म्हणणं. मास्तर मास्तर म्हणून दिवाळीला फराळ पाठवत होतो आणि निघाला चपराशी. वर पोरीला गुरासारखं बांधतो.

चंद्रप्रकाशने अनुपमाला विचारलं की हात बांधायची अशी काही पद्धत असते का. अनुपमाला मीराचा डावा हात ठाऊक होता. तिच्या आठ ग्रेडांत तिलाही तसा हात मिळाला नव्हता. ती म्हणाली, मी तरी कुठे ऐकलेली नाही.

मग वनमालाने मीराकडे वळून विचारलं, "दुखायचं की नाही गं? सांग."

मीराने गुणाजीकडे पाहिलं. मग आईकडे. मग अनुपमा मिसकडे, जिच्या हाताखाली वर्गातल्या सगळ्या चांगल्या घरच्या मुली होत्या.

"कधी कधी," ती म्हणाली.

गुणाजीने एवढंच म्हटलं की तू सांगितलं असतंस तर सोडला असता. मीरा अनुपमाकडे गेली. गुणाजीला चंद्रप्रकाशने अगदीच घालवलं नाही. लहान मुलांचे सूर ओळखायचे तास त्याच्याकडे ठेवले, सकाळी क्लास उघडायची चावी दिली, आणि दोन्ही पियानो पुसायला सांगितले. तुम्हाला सवय आहेच, बुवा, असं म्हणाला.

गुणाजी राहिला. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बरं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे आतल्या खोलीत फडकं मारताना बाहेरून मीराचं वाजवणं ऐकू यायचं. अनुपमा तिच्या हातावर नाणं ठेवायची. नाणं पडत नसे. अनुपमा त्यावरूनही बोलायची, की पडत नाही म्हणून शेफारू नकोस.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली तेव्हा भरलेल्या फॉर्मच्या प्रती चंद्रप्रकाशच्या टेबलावर आल्या. टेबल पुसताना गुणाजीने वरची प्रत पाहिली. मीरा सीताराम पाटणकर. खाली, शिक्षक, अनुपमा कर्णिक. त्याने कागद होता तिथे ठेवला आणि टेबल पुसून पूर्ण केलं.

त्याच दुपारी मीरा वेळेआधी आली. अनुपमा यायची होती. मीरा आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि चप्पल काढत खाली बघूनच म्हणाली की सर, एकदा ऐकाल का. मधला भाग डाव्या हाताचा आहे. मिस म्हणते ठीक आहे, पण मिस सगळ्यांनाच तसं म्हणते किंवा शिव्या देते, मला कळत नाही. तुम्ही सांगा.

गुणाजी म्हणाला, बस.

ती वाजवायला लागली. मधला भाग आला, चाल डाव्या हाताकडे गेली आणि उजवा हात मागे राहून साथ करू लागला. गुणाजी फडकं हातात धरून उभा होता. सिस्टर जे आठ वर्षं त्याच्या हातात घालायला बघत होती आणि जे कधी गेलं नाही, ते त्या पोरीच्या हातात होतं. एकही सूर जड नव्हता. त्याने घातलं होतं ते, आणि ते दुसऱ्याच्या नावावर लंडनला चाललं होतं. पोरीनेच दिलं होतं, दोन शब्दांत.

मीराने हात उचलले आणि वळून पाहिलं.

"डावा हात मेलाय तुझा," गुणाजी म्हणाला.

"कुठे सर? कुठल्या ओळीत?"

"ओळीत नाही. हातातच. मिसकडे सहा महिने चुकीचा चालवलास. आता तो नाही यायचा."

"अजून पंधरा दिवस आहेत."

"पंधरा वर्षं घे. माझ्या हाताचं काय झालं ते बघितलंस ना? तसाच झालाय."

मीराने आपला डावा हात उलटा सुलटा करून पाहिला. मग पुस्तक मिटलं. ती रडली असती तर कदाचित त्याने शब्द मागे घेतला असता. ती रडली नाही. बरं सर, म्हणाली आणि पुढच्या खोलीत जाऊन अनुपमाची वाट बघत बसली. गुणाजीने पियानोच्या पट्ट्या पुसल्या, एकेक करून. त्याला बरं वाटत होतं. फॉर्म पाहिल्यापासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावरही तो बरा होता. भात लावला, जेवला. सुंदराबाई असती तर ताट वाढतानाच तिने विचारलं असतं, आज काय करून आलात, तोंड असं का. ती चेहऱ्यावरून ओळखायची. त्याने सांगितलं असतं आणि तिने त्याला तसाच उठवून चपला घालायला लावल्या असत्या. विचारायला घरात कोणी नव्हतं. सकाळ झाली, मग दुसरी सकाळ झाली, आणि सांगायचं राहत गेलं.

परीक्षेत काय झालं ते अनुपमाकडून कळलं. मीराने सुरुवात चांगली केली. मधला भाग आला तेव्हा तिने डावा हात पट्ट्यांवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. मग उजव्यानेच पुढे वाजवत राहिली, नुसती साथ, जिला चालच नाही. परीक्षक थांबला, पुन्हा सुरू कर म्हणाला. ती उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली. निकालावर नापास, खाली अनुपमाचं नाव. चंद्रप्रकाश अनुपमाला नाही नाही ते बोलला. अनुपमा मीराला बोलली. बाहेरच्या बाकावर, इतर मुलांच्या आयांसमोर, अर्धा तास. त्यानंतर मीरा क्लासला आली नाही.

गुणाजी चौथ्या दिवशी तिच्या घरी गेला. नॅशनल पार्कच्या बाजूला, तिसरा मजला. जिना चढून धाप लागली. वनमालाने दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाली नाही. त्याने मीराला एक सांगायचंय म्हटलं. इथूनच सांगा, असं उत्तर आलं, आणि तिने आत हाक मारली.

मीरा आईच्या मागे येऊन उभी राहिली.

"तुझा हात चांगला आहे," गुणाजी म्हणाला. असं वाक्य त्याने कोणाला कधी म्हटलं नव्हतं. "मेलेला नाही. मी त्या दिवशी खोटं बोललो. रागाने बोललो. आख्ख्या क्लासात तसा हात नाही. मिसचा पण नाही."

वनमालाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा मुलीकडे बघू लागली.

मीराने थोडा विचार केला. तिचा चेहरा शांत होता, एखाद्या आजारी माणसाला सांभाळून घेताना असतो तसा.

"तुम्ही खोटं बोलत नाही सर," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता बोलताय. मला बरं वाटावं म्हणून."

"नाही गं. देवाशपथ."

"तीन वर्षांत एकदा तरी म्हणालात का, चांगला आहे म्हणून?"

ती खरं तेच बोलत होती.

"मी ऐकलं ना स्वतः," मीरा म्हणाली. "तुम्ही सांगितल्यावर मला पण ऐकू यायला लागलं. जडच आहे तो."

वनमालाने विचारलं, हा काय म्हणाला होता तुला. मीरा म्हणाली, काही नाही गं आई, सरांनी खरं सांगितलं होतं फक्त. मग ती आत गेली. तिला आता चित्रकलेच्या क्लासला घातलंय, असं वनमाला म्हणाली, आणि पुन्हा या जिन्यावर दिसू नका असंही म्हणाली.

दार लागलं. गुणाजी जिन्यावर थोडा वेळ थांबला, आतून काही आवाज येतो का म्हणून. काही आला नाही. सकाळी त्याला क्लास उघडायचा होता.